कंडक्टरबाईंची मोकळी वाट

तरुणांना जग दाखवणाऱ्या कंपनीच्या शाखेत कशी माणसं असावीत, याबद्दल पुण्याच्या मुख्य कचेरीच्या काही कल्पना होत्या. सरकटेबाई त्यातल्या एकाही कल्पनेत बसत नव्हत्या. पन्नाशीला टेकलेली ठेंगणी, भक्कम बाई. सुती साडी, खांद्याला आडवी लटकवलेली कातडी पिशवी, कानावर पेन. आवाज असा, की खालच्या कृषी केंद्रात युरिया मागायला आलेला माणूस वरच्या मजल्यावरचा मनालीचा भाव ऐकून जायचा.

कंपनीचं नाव 'मोकळी वाट'. कॉलेजातली मुलं आणि तिशीच्या आतले प्रवासी एवढंच तिचं गिऱ्हाईक. कोणाला परदेशी शिकायला जायचंय, कोणाला क्लाससाठी दुसऱ्या राज्यात, कोणाला नुसतंच बर्फात लोळून यायचंय, अशा सगळ्यांची तिकिटं आणि राहण्याखाण्याची सोय कंपनी करायची. मोठमोठ्या शहरांत तिच्या शाखा होत्या आणि या साखळीची अगदी शेवटची कडी म्हणजे आमची वाशीमची. ती का काढली हे पुण्यात आता कोणाला आठवत नव्हतं. तिथं बाई शाखाप्रमुख होत्या आणि मी कॉम्प्युटरवर तिकिटं काढायचो.

त्याआधी बाई वीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. वाशीम-रिसोड, वाशीम-मंगरूळपीर, असल्याच गाड्या. पेन्शन-बिन्शनचा हिशेब न करता त्यांनी नोकरी सोडली तेव्हा घरादारानं त्यांना वेड्यात काढलं. भाऊ म्हणाला, सरकारी गाडी सोडून खासगी दुकानात जाते, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. बाईंनी विहारात चारचौघांसमोर सांगितलं, "वीस वर्षं लोकायले त्यायच्या गावाले सोडलं आन् रोज सांजच्याले मी आपली परत वाशीमले. आता जरा लांबची तिकिटं फाडतो. पाह्यजा तुमी, इथले पोट्टे-पोट्ट्या कुठी कुठी धाडतो त." म्हणजे शाखा ही त्यांची नोकरी नव्हती, चारचौघांत दिलेला शब्द होता. हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला मला वाटायचं, बाई हौशी आहेत.

नोकरी सुटली तरी एसटी सुटली नव्हती. जिना चढून कोणी दारात आलं, की आत खोली रिकामी असली तरी बाई ओरडायच्या, "दारात उभे राहू नका, पुढं सरका." गिऱ्हाइकाला त्या पाशिंजर म्हणायच्या. पुण्याहून पत्र आलं, की कृपया 'ट्रॅव्हलर' म्हणावं. बाईंनी ते मानलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'ट्रॅव्हलर पाशिंजर' म्हणायला लागल्या. सुटे पैसे द्या, हेही चालूच. मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्या मुलालासुद्धा त्या एकदा म्हणाल्या, सुटे असन त पाह्य. तोही बिचारा खिसे चाचपायला लागला.

मुख्य कचेरीनं तरुण वातावरणासाठी आम्हाला दाण्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्यांचे गोळे पाठवले होते. त्यात बसायचं म्हणे. अनसिंगचे एक आजोबा नातवाच्या चौकशीला आले आणि त्यातल्या पिवळ्या गोळ्यात बसले ते गुडघे कानापर्यंत आले. काम झालं तरी आजोबा उठेनात. आम्हाला वाटलं, आणखी काही विचारायचं असेल. शेवटी ते बाईंना हळूच म्हणाले, "बाई, मले कोणी काढता काय यातून?" एक हात बाईंनी धरला, एक मी. त्यानंतर बाईंनी घरून दोन लाकडी बाकडी आणली आणि गोळ्यांवर जाहिरातीचे गठ्ठे ठेवले.

बाईंच्या काही रीती मात्र गमतीच्या नव्हत्या, किंवा गमतीच्या वाटल्या तरी त्यांच्यापुढं कोणाचं चालायचं नाही. पहिली रीत बॅगेची. जाणाऱ्यानं भरलेली बॅग घेऊन आमचा जिना एकट्यानं चढून दाखवायचा. बाप खाली हात चोळत उभा आणि लेक वर धापा टाकतोय, हे दृश्य आठवड्यातून एकदा तरी ठरलेलं. चढता नाही आलं तर सामान कमी करायचं आणि परत चढायचं. मग खाली कृषी केंद्रातल्या वजनकाट्यावर, जिथं सोयाबीनच्या बियाण्याची पोती मोजतात तिथं, परदेशी जाणारी बॅग ठेवायची. दुकानदार शेठ चांगला माणूस. तो वजन मोठ्यानं सांगायचा आणि रांगेतले शेतकरी सल्ले द्यायचे.

आयर्लंडला शिकायला निघालेल्या एका मुलाची बॅग अशीच भारी भरली. बाईंनी तिथंच काट्याशेजारी उघडली. वर स्वेटर, मध्ये पुस्तकं, तळाशी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला लोखंडी खलबत्ता. मुलानं आईकडं पाहिलं. आईनं दुसरीकडं पाहिलं.

"हे कायले?" बाईंनी विचारलं.

"ठेच्यासाठी," आई म्हणाली.

"तिथी मिक्सर भेटते."

"मिक्सरातला ठेचा खाईन काय माहं लेकरू?"

मला वाटलं, आता बाई खलबत्ता बाहेर काढणार. बाईंनी खरोखर विचार केला. मग त्यांनी खलबत्ता परत गुंडाळला आणि तीन जाडी पुस्तकं काढून आईच्या हातात दिली. "पुस्तकं तिथी भेटतात. हे नाई भेटत." रांगेतल्या शेतकऱ्यांना हे फार पटलं. विमानतळावर त्या मुलाची बॅग उघडायला लावली आणि ही वस्तू कशाची, हे सांगताना त्याला घाम फुटला, असं त्यानं फोनवर सांगितलं. पुढं त्याच्या खोलीवर तीन राज्यांतली मुलं ठेचा खायला जमायची म्हणे.

दुसरी रीत विचारायची. पोरगा यायचा, बर्लिनचं तिकीट द्या म्हणायचा. बाई विचारायच्या, "उतरनार कुठी?"

"बर्लिनला."

"थे समजलं. पन बर्लिनमंदी कुठी? घ्याले कोन येनार? थो नाई आला त मंग?"

दुसऱ्या प्रश्नाला पोरगा अडायचा, तिसऱ्याला बापाकडं बघायचा. उत्तर मिळेपर्यंत बाई तिकीट काढू द्यायच्या नाहीत. मी यंत्रासमोर बोटं उगारून बसलेला, आणि भाव मिनिटामिनिटाला चढतोय. कितीतरी गिऱ्हाइकं "उद्या येतो" म्हणून गेली आणि घरी जाऊन मोबाइलवर तिकीट काढून मोकळी झाली. मी चिडायचो. बाई म्हणायच्या, "पाशिंजरले चढवनं म्हंजे काम झालं असं नसते ना बापा."

पुण्याला हे असं दिसत नव्हतं. पुण्याला एवढंच दिसायचं, की वाशीमला विचारायला येतात पुष्कळ आणि तिकीट घेतात थोडे. म्हणून एका मार्चात विभागाचे साहेब आले. केदार नाव, बाईंच्या लेकाच्या वयाचा मुलगा, पांढरे बूट, गोड बोलणारा. आल्याआल्या तो उत्साहानं निळ्या गोळ्यात बसला, मांडीवर लॅपटॉप घेतला, आणि वीज गेली. पंखा थांबल्यावर त्याची जी अवस्था झाली ती बघून बाईंनी त्याला घरी जेवायला नेलं. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. माझ्या आईच्या मळ्यातली वांगी होती म्हणून मीही होतो. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर साहेबांनी तांब्याभर पाणी संपवलं.

मग मात्र ते स्पष्ट बोलले. "मॅडम, वरून शाखा बंद करायचं चाललंय. मी एक संधी मागून घेतलीय. मे महिन्यात हिमालयात तरुणांची पदभ्रमण सहल आहे. वाशीमहून एक बस पूर्ण भरून द्या. एकसुद्धा सीट रिकामी नको. भरली, तर शाखा राहील."

"नाई भरली त?"

विचारता विचारताच बाईंनी त्याला आणखी एक भाकर वाढली.

त्यानंतरचे दोन महिने आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर जिल्हाभर हिंडलो. कॉलेजात जाहिराती लावू, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "पोट्टे त तयारच हायेत. तयार कराचे हायेत त्यायच्या आज्या." आणि त्या खरोखर आज्यांकडं गेल्या. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, सोयाबीनचा भाव काय लागला ते विचारायचं आणि तासाभरानं हिमालयाचा विषय काढायचा. एसटीतल्या ओळखी अशा, की प्रत्येक गावात कोणी ना कोणी म्हणायचं, बाई, तुमी मले एकदा चालू गाडीत सीट देली होती. मंगरूळपीरला एका आजीनं विचारलं, "तिथी भाकर भेटते काय?" बाई खोटं बोलायच्या नाहीत. भेटत नाही, म्हणाल्या. आजी म्हणाली, मग नातू जाणार नाही. बाईंनी तिथूनच केदारला फोन लावला आणि हिमालयातल्या छावणीत ज्वारीचं पीठ आणि ते थापू शकणारा माणूस हवा, असं सांगितलं. बरीच घासाघीस होऊन पीठ आम्ही द्यायचं आणि थापायचं मुलांनी, असं ठरलं. मग बाईंनी एका रविवारी आमच्या शाखेत त्या मुलांना भाकरी थापायला शिकवलं. खाली शेठच्या दुकानात पिठाचा धुरळा उतरला, तो त्यानंच झाडून काढला.

शेवटची सीट रिठदच्या रोशनीनं घेतली. बी.एस्सी.ला असलेली, बारीक, चटपटीत मुलगी. बॅग घेऊन जिना चढली ती दोनदा, एकदा बाईंसाठी आणि एकदा हौसेनं. तब्येत कशी विचारल्यावर "ठणठणीत" म्हणाली. बर्फाचे फोटो तिनं भिंतीवरच्या प्रत्येक जाहिरातीत जवळ जाऊन पाहिले. ती गेल्यावर बाईंनी मला जिलबी आणायला पाठवलं. बस भरली होती.

निघायच्या दिवशी सकाळी सातालाच ऊन चटकत होतं. अकोल्यापर्यंत बस आणि पुढं रेल्वे, तिथून कंपनीचा माणूस सोबत. वाशीमचं माणूस पोचवायला येतं म्हणजे दारापर्यंत येत नाही, गाडीत बसून येतं. मुलं तीस-पस्तीस आणि पोचवायला आलेले दीडशे. बसमध्ये आत्या, मावश्या, शेजारणी सीटवर बसून डबे उघडून दाखवत होत्या आणि ज्यांना जायचं ती पोरं खाली उभी होती. बाई मागच्या दारातून शिरल्या आणि एकेकीला खाली उतरवत पुढं आल्या. गाडी आता निघणार, एवढ्यात एक कृश बाई खिडकीतून रोशनीला पाण्याची मोठी बाटली देऊन सरकटेबाईंकडं वळली.

"बाई, जयभीम. ओळखलं काय? हिले पानी पाजाले सांगजा बरं सोबतच्यायले. अन् थंडीत जपाले. दुखाले लागलं त ह्या गोळ्या."

सरकटेबाईंना माणसांचे चेहरे ध्यानात राहत नसत, थांबे राहत. त्यांनी तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. "तू रिठदची. सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उतरत होती. कडेवर पोट्टी राहे, रडत राहे."

"हेच थे पोट्टी," रोशनीची आई कौतुकानं म्हणाली. "सिकलसेल हाय ना तिले."

बाई तिथंच थांबल्या. सिकलसेल आमच्याकडं घरोघरचं दुखणं आहे, रक्तातलं. नीट जपलं तर माणूस शिकतं, नोकरी करतं. पण उंच डोंगरावरची विरळ हवा त्या रक्ताला सोसत नाही. हे त्या माउलीला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या लेखी ते नुसतं थंड हवेचं ठिकाण होतं. रोशनीला मात्र पुरतं माहीत होतं. ते तिच्या तोंडाकडं पाहूनच कळलं. बाईंनी दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, अजिबात नेऊ नका.

बाई रोशनीच्या सीटपाशी गेल्या. "उतर बेटा."

"मले काही होत नाई, बाई. दोन वर्षांत एकडावबी नाई झालं."

"उतर."

"शाळेच्या सहलीले नेलं नाई मले कोनी. कॉलेजच्याबी नाई. तुमी तरी असं नका करू ना."

सगळी बस ऐकत होती. ज्या बाईनं हजारो माणसं सरकवून, दाबून, चेपून गाडीत बसवली, तिला एका मुलीला उतरवताना मी पाहिलं आणि मला बघवेना. बाईंनी तिची बॅग स्वतः काढली आणि तिला हाताला धरून खाली आणलं. रोशनी आईकडं गेली नाही. वडाच्या पारावर एकटी जाऊन बसली.

एक सीट रिकामी झाली. मी म्हणालो, मीच बसतो. पण मी तिशी ओलांडलेली होती आणि कंपनीचा नियम कडक. गर्दीतून दोन मावश्यांनी लगेच तयारी दाखवली. मंगरूळपीरची आजी म्हणाली, पीठ आपलंच हाय त मी जातो. लोक हसले, बाईसुद्धा हसल्या, पण बसमध्ये बसवण्यासारखं कोणी मिळालं नाही. गाडी सुटली. मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, की तिकीट काढलेलंच आहे. ते तसंच राहू द्या. ती गेली नाही, हे पुण्यात कोणाला कळणार?

"सागर," बाई म्हणाल्या, "रिकाम्या सीटचं तिकीट म्या वीस वर्षांत फाडलं नाई. आता या पोट्टीच्या नावानं फाडू काय?" त्यांनी तिथंच उभ्या उभ्या रोशनीच्या आईला पैसे परत करायला मला सांगितलं आणि केदारला स्वतः फोन केला. "साहेब, एक सीट रिकामी गेली." पलीकडून तो काकुळतीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला हे सांगितलंच नसतं तर?" बाई म्हणाल्या, "सांगतलं ना आता."

मुलं बर्फात भाकरी थापून सुखरूप परत आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शाखा बंद झाली. टेम्पो येऊन गाद्यांचे गोळे घेऊन गेला. त्यातला पिवळा शेठनं मागून घेतला, त्याच्या दुकानातल्या मांजराला तो आवडला होता. बाई कंपनीला एका शब्दानं बोलल्या नाहीत. भावानं मात्र गल्लीत सांगितलं, मी म्हटलं नव्हतं काय? बाईंनी तेही ऐकून घेतलं. त्यांना लागलं होतं ते दुसरंच. रोशनी बाजारात दिसली की रस्ता बदलायची. बाई रिठदला तिच्या घरी गेल्या तर ती आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. आईच्या हातचा चहा पिऊन बाई परत यायच्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जायच्या.

मी पुढं एका सेतू केंद्रात लागलो. दाखले काढून देतो. दिवाळीनंतर एकदा सकाळी आईची भाजी उतरवायला स्टँडकडं गेलो होतो, तर पुण्याच्या गाडीजवळ सरकटेबाई. नवी साडी, खांद्याला तीच आडवी पिशवी. खिडकीत रोशनी बसलेली. खाली तिची आई उभी राहून डब्यावर डबा वर देत होती.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"अलिबाग," बाई म्हणाल्या. मग मला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायला लागल्या. एवढा हळू आवाज त्यांच्याकडं आहे हे मला ठाऊक नव्हतं. "सहा महिने बोलली नाई माह्याशी. मंग एक दिवस बाहीर आली अन् इचारते, पहाड नाई त मंग माह्यासाठी काय हाय? म्या डॉक्टरले इचारलं. समुद्र चालते म्हने. त्याच्याहून खाली काही नसते."

"तुम्ही पाहिलाय समुद्र?"

"म्या कुठी पाह्यला? आता पाहतो दोघीबी. अन् सागर, तू एक काम करजो, थो केदार साहेब हाय ना, त्याले फोन करून..."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बाईंचं सांगणं संपेना. खिडकीतून रोशनीनं डोकं बाहेर काढलं.

"बाई, येता काय? का उतरू मी परत?"

बाईंचा चेहरा एकदम असा झाला, की मीच खाली पाहिलं. रोशनी हसत होती. बाईंनी वाक्य तिथंच टाकलं, साडीचा घोळ हातात धरला आणि गर्दीतून वाट काढत गाडीत चढल्या. केदारला काय सांगायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी वळली तेव्हा बाईंच्या मांडीवर डब्यांचा ढीग होता आणि खिडकी अर्थातच रोशनीनं सोडली नव्हती.